अच्युतमामांचं मंगलाष्टक

मंडळी, ऐका! टाळ थांबवा क्षणभर. हल्ली यंत्राला सांगितलं की कविता हजर! मग प्रश्न असा — त्याच्याकडून घ्यायचं किती, आणि आपलं राखायचं काय?

देवरुखचे अच्युतमामा. बापाविना पोरकी भाची शरयू त्यांनीच वाढवली. आता तिचं लग्न! त्यांच्या घरची रीत अशी, की मामानं भाचीच्या पाठीशी उभं राहून स्वतः रचलेलं मंगलाष्टक म्हणायचं. मामा बसले लिहायला. पोरगी जाणार म्हटल्यावर डोळेच भरायचे, शब्द कुठले सुचायला! शेवटी काढला फोन. "बाबा रे, तूच लिही!"

लिहिलं की त्यानं! लग्नाच्या दिवशी अंतरपाट धरला, मामांनी खणखणीत आवाज लावला —

"कन्या ही सुमुखी सुशील सुगुणी लक्ष्मी जणू शोभते!"

वाहवा! मग नवऱ्याचे मामा बापूसाहेब पुढे आले. मिशीला पीळ दिला, कागद उलगडला आणि —

"कन्या ही सुमुखी सुशील सुगुणी..."

अहो, तेच! अक्षर न् अक्षर तेच! दोघांनी एकाच यंत्राला विचारलेलं! मांडवात हशा पिकला. हसताय काय? तुमच्यातले किती जण खिशात फोन चाचपतायत, दिसतंय मला!

अच्युतमामा शरमेनं लाल. गुरुजी ओरडतायत, "मुहूर्त टळतोय!" तेवढ्यात शरयू मागं वळली. "मामा, हे माझ्यावर नाहीच. तुमचं म्हणा ना. त्याशिवाय मी हार घालायची नाही!"

मामांनी कागद खिशात कोंबला. डोळे मिटले. चाल मंगलाष्टकाचीच, पण अक्षरं सैरावैरा —

"स्कूटरने तू कुंपण पाडले, मी न उभारले मुली,
माहेराला येशील तेव्हा वाट ती आहे खुली!"

शरयू रडतेय आणि हसतेय! बापूसाहेबांनी आपल्या कागदाची पुडी केली, तीत अक्षता भरल्या आणि अशा उधळल्या म्हणता! अंतरपाट खाली, वाजंत्री सुरू!

तर मंडळी, अक्षर कुठं जास्त झालं ते यंत्राला खुशाल विचारा. चाल विचारा, यमक विचारा, काही पाप नाही. पण पोरीवर माझी माया किती, हे त्याला विचारायचं? ते पडकं कुंपण त्यानं पाहिलंय का?

तुमच्याही घरी असं एखादं कुंपण असेलच. आज जेवायला बसाल तेव्हा त्या माणसाला तोंडानं सांगून टाका. बेसूर झालं तरी चालेल. देव माझं नाही का इतकी वर्षं ऐकून घेत!