वाघ छाप टिटवी

सुलोचनाबाईंच्या कारखान्याची बिडी म्हणजे टिटवी छाप. तिची लेबलं पिशवीत घालून त्या गोंदिया स्टेशनावर नागपूरच्या तिकिटासाठी उभ्या होत्या. टिटवी या नावाच्या हक्कासाठी तिथं वकिलाला भेटायचं होतं. रांगेत पुढं मनिराम आणि दुधराम हे दोन शेतकरी बोलत होते.

"एक टिटवी दे ना गा, मनिराम."

"घे. वाघ छाप टिटवी आहे."

"वाघ छाप टिटवी? काल सासऱ्यानं घोडा छाप टिटवी देल्ली!"

"आता साऱ्याच बिडीले टिटवी म्हणून राहिले लोक. दुकानदार बी."

सुलोचनाबाईंनी पिशवी छातीशी धरली.

"विझली ना बे हे!"

"विझनच. वाघाची आहे."

"मंग टिटवी काऊन म्हणतोस?"

"सवय पडली गा."

"माह्या बाबापुढं म्हणून पाह्य! त्याले डोळ्यानं दिसत नाही, पण बिडी बोटात फिरवते. दोऱ्याचे तीन वेढे लागले त टिटवी. नाही त दुकानात वापस धाडते."

"आंधळा माणूस?"

"पाच वर्षांत एकदा नाही चुकला."

सुलोचनाबाईंना राहवलं नाही.

"दादा, तुमचे बाबा कुठं राहतात?"

"चोरखमाऱ्याले. तिरोड्याले उतरा लागते. काऊन, बाई?"

"नागपूरला येतील का माझ्यासोबत? वकिलापुढं बिडी ओळखायला?"

"रेल्वेत बसाले भेटते म्हटलं का निघालाच तो!"

खिडकीतून बाबूनं विचारलं, "हां बाई, नागपूर?"

"आधी तिरोड्याचं एक द्या. तिथून नागपूरची दोन घेते."