दोरीवरची ओल

मोबाइलवर शेत दिसतं म्हणणाऱ्यांशी मी आजही भांडतो. कारण ऐका.

अड्याळच्या माझ्या मित्रानं, देवरावनं, धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, एक बिनतारी यंत्र खोचलं होतं. मातीतली ओल ते मोबाइलवर दाखवायचं. आम्ही पवनीत माझ्या वर्तमानपत्राच्या कचेरीत चहा पीत होतो, तेवढ्यात पडद्यावरची निळी रेघ थेट तळाला गेली.

"मदननं धुरा फोडला. माहं पाणी चोरून राहिला," देवराव ओरडला.

धुरा म्हणजे दोघांच्या शेतांमधला बांध; मदन हा शेताचा शेजारी आणि होणारा व्याही. देवरावनं तिथूनच फोन लावून सोयरीक मोडली.

"भाऊ, तुह्या बांधीत घोट्यापर्यंत पाणी आहे. मी त्यातच उभा आहो," मदन म्हणत होता.

"मंग मोबाइल खोटा बोलते काय?"

"पुरावा आहे आमच्याकडे. छापतो उद्या," मीही फोनमध्ये ओरडलो.

तावातावानं गावी पोचलो. अंगणात दोरीवर दोन टॉवेलांच्या मधोमध यंत्र लटकत होतं.

वहिनी म्हणाल्या, "रोवणा सरला, म्हून सारी अवजारं धुतली. यालेही लय गारा-चिखल लागला होता. धुतलं न वाळाले टाकलं."

तेवढ्यात मदन दारात आला आणि त्यानं चिखलानं माखलेला पाय पुढे केला.

"इचार तुह्या मोबाइलले, हा पाय ओला आहे का कोरडा."

आणि देवरावनं खरंच मोबाइल काढून पाहिला.