‘नलू’ बोटीच्या फासळ्या वाजवून पाहिल्याबाबत

जबाब, दि. १४ मे २०२५, सकाळी ११.२० वा.

नाव धर्माजी हिराजी नाखवा, वय ६७ वर्षे, धंदा फायबरच्या बोटींची दुरुस्ती, शिक्षण चौथी, राहणार कोळीवाडा, थळ, ता. अलिबाग, जि. रायगड.

समक्ष ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणी पत्नी गोदू हिच्यासह राहतो. लाकडी होड्या होत्या तोवर मी मासेमारी केली. फायबर आल्यावर ते काम बघून बघून शिकलो, शिकवणारा कोणी नव्हता. गोदूचा धाकटा भाऊ काळूराम, वय ४६, हा बावीस वर्षे माझ्यासोबत काम करतो. त्यांचे आईबाप लवकर गेले, गोदूनेच त्याला अंगाखांद्यावर वाढवला. ग्राइंडर हातात कसा धरायचा हे त्याला मी दाखवलं.

चौल येथील मृणाल सबनीस यांची ‘नलू’ नावाची शिडाची फायबर बोट आहे. लांबी सत्तावीस फूट, वय चाळिशीच्या आसपास. वडिलांनी घेतलेली, आईचं नाव दिलेली. अशा बोटीच्या पोटाखाली शिशाचा जड कणा असतो. आम्ही त्याला पठाण म्हणतो, हौशी लोक कील म्हणतात. वाऱ्याने बोट कलली की तोच तिला परत उभी करतो. तो सात बोल्टांवर लटकलेला असतो, आणि ते बोल्ट धरायला बोटीच्या आत, पायाखालच्या फळ्यांखाली, आडव्या फासळ्या असतात. फासळ्या सुटल्या की पठाण सुटला, आणि पठाण सुटला की बोट पालथी.

दि. २० फेब्रुवारी रोजी बोट थळच्या खाडीकाठी वर काढून फळ्या उचलल्या. जुन्या फासळ्या ओल्या पावासारख्या बोटाने दबत होत्या. मी म्हणालो, “ताई, तुमची म्हातारी वरून नटलेली हाय, पण कंबर गेलीय तिची.” मृणालताई हसून म्हणाल्या, “म्हणजे तुमच्यासारखीच ना, काका?” मी म्हणालो, “माजी कंबर ठीक हाय.” बाकीचं काही बोललो नाही.

काम असं ठरलं की, पठाण खाली उतरवायचा, जुना रंग आणि कुजका भाग घासून तळ कोरा करकरीत करायचा, सुकू द्यायचा, मग सहा नव्या फासळ्या बसवून त्यावर काचेच्या धाग्यांची मॅट आणि ती चिकटवणाऱ्या रेझिनचे बारा थर द्यायचे, प्रत्येक थर खालच्यापेक्षा दोन बोटं रुंद. पुढच्या तीन फासळ्या मी स्वतः दि. ३ ते १५ मार्च या काळात केल्या. त्या आजही जागच्या हललेल्या नाहीत. हे फुशारकीने सांगत नाही, पुढे त्याचा संबंध येतो म्हणून सांगतो.

दि. १६ मार्च रोजी गोदूला पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी अलिबागला दाखल केलं. मी नऊ दिवस तिच्या उशाशी होतो. मागच्या तीन फासळ्या काळूरामकडे सोपवल्या. तो रोज संध्याकाळी डबा घेऊन यायचा. त्याची बायको केसर नणंदेला सोसेल अशी पेज करून द्यायची. मी विचारायचो, “काळ्या, घासलंस ना नीट?” तो म्हणायचा, “व्हय दाजी, पार हाडापरत घासलाय. तुमी आक्काकडं बघा.” गोदू म्हणायची, “माजा भाव हाय म्हणून बरं, न्हायतर तुमी हितं बसून बी बोटच बघितली असती.” तो त्या दिवसांत दुपारनंतर मांडव्याच्या बाजूला दुसऱ्या बोटीवर कामाला जात होता, हे मला आता दहा दिवसांपूर्वी कळलं.

मी दि. २५ मार्च रोजी घरी परतलो. दि. २७ मार्च रोजी सकाळी दहाच्या सुमारास मृणालताई व त्यांचे भाऊ सुजित यांच्यासमोर मी सहाही फासळ्या वाजवून पाहिल्या. वाजवायला मी गोदूच्या मासळीच्या तराजूतलं पन्नास ग्रॅमचं पितळी वजन वापरतो. फायबर खालच्या अंगाला घट्ट धरून बसलं असेल तर ठण्ण असा कोरडा आवाज येतो. आत पोकळी असेल तर बद्द. गावात सगळे म्हणतात की धर्माजीचा कान म्हणजे सरकारी शिक्का. काळूराम नेहमीप्रमाणे माझ्या समोर उभा होता. मी वाजवत गेलो, तो बोटीच्या काठावर तळहात फिरवत राहिला. सहाव्या फासळीनंतर मी म्हणालो, “ताई, निर्धास्त जा. तुमच्या आईला आता काय व्हत न्हाय.” सुजितदादांनी मला वाकून नमस्कार केला. दि. २ एप्रिल रोजी पठाण चढवून बोट पाण्यात सोडली.

दि. ४ मे रोजी दुपारी चारच्या सुमारास खांदेरीच्या बाहेर वारा भरला. बोट कलली ती परत उठली नाही. थळच्याच एका होडीने दोघांना बाहेर काढलं. मृणालताईंचा हात मोडला आहे. सुजितदादांच्या डोक्याला मार असून आज दहावा दिवस, ते शुद्धीवर नाहीत.

दि. ६ मे रोजी बोट किनाऱ्यावर ओढून पंचनामा झाला, तेव्हा मी हजर होतो. मागच्या तीन फासळ्या पापुद्र्यासारख्या अख्ख्या उचलून आल्या होत्या. त्यांच्याखाली जुना निळा रंग होता, चकचकीत. ग्राइंडरचा एक ओरखडासुद्धा नव्हता. रंगावर रेझिन धरत नाही, हे काळूरामला पहिल्या वर्षापासून माहीत आहे.

त्याने दि. १० मे रोजी दिलेल्या जबाबातला भाग मला आज दाखवण्यात आला. त्यात लिहिलं आहे की, ‘मी हाताखालचा मजूर असून आवाजातलं मला काही कळत नाही. माझ्या कामात कसूर असती तर दाजींनी वाजवताना पकडली असती. त्यांनी सर्व फासळ्या पास केल्या.’

वाजवून पास केल्या हे खरं आहे. पुढचं मी बोलणार नाही, असा त्याचा अंदाज होता. कारण बोललो तर उद्यापासून माझ्याकडे बोट कोणी आणणार नाही.

मला ऐकू येत नाही. तीस वर्षं कानाला काही न लावता ग्राइंडर चालवला. उजवा कान सहा वर्षांपूर्वी गेला, डाव्या कानाला दोन वर्षांपासून तोंड जवळ आणून मोठ्याने बोलावं लागतं. हे गोदूला आणि काळूरामला सोडून कोणाला ठाऊक नाही. काळूरामला कळलं ते असं की, एकदा बोट उचलताना साखळी सुटली, सगळे ओरडले, मी तसाच खाली उभा. त्याने मला कमरेत धरून बाजूला ओढलं. त्याने माझा जीव वाचवला, हेही लिहून घ्यावं. त्याच दिवशी तो म्हणाला, “दाजी, तुमी वाजवा, मी ऐकतो. कोनाला कलनार हाय?” तेव्हापासून ठरलेलं होतं. आवाज खरा आला की त्याने बोटीच्या काठावर तळहात फिरवायचा. खोटा आला की गळ्यातल्या पंच्याला हात लावायचा. दोन वर्षांत त्याने सात वेळा पंच्याला हात लावला आणि सातही वेळा तो बरोबर निघाला. म्हणून आवाजातलं त्याला कळत नाही, हे खोटं आहे.

हवालदार नूतन मॅडम विचारतात की, हाताला कळत नाही का? त्यावर सांगतो की, कळतं. दुसरा तळहात मी फासळीवर ठेवतो. चांगल्या फासळीवर तो शहारतो. पुढच्या तीन फासळ्यांवर शहारला होता. मागच्या तिन्हीवर हात गप्प राहिला. मला वाटलं, आता हातही गेला. मी मान वर करून काळूरामकडे बघितलं. तो काठावर तळहात फिरवत होता, आणि तोंडाने हसत होता.

ताईंना मी माझ्या नावावर दुसऱ्याचा कान विकला, ही माझी चूक आहे व ती मला कबूल आहे. त्याची जी शिक्षा असेल ती माझी. फासळ्यांखालचा निळा रंग माझा नाही.

आज सकाळी निघताना गोदूने विचारलं, “त्याचं नाव घेनार?” मी तिच्या ओठांवरून समजलो. तिने डबा भरून दिला. तो दोघांना पुरेल एवढा आहे. काळूरामलाही आज इथे बोलावलेलं आहे हे तिला माहीत होतं. तो बाहेर बाकावर बसला आहे.

हा जबाब नूतन मॅडमनी माझ्या डाव्या कानाशी येऊन मोठ्याने वाचला. वाचण्याआधी त्यांनी दरवाजा लावू का असं खुणेने विचारलं, मी नको म्हणालो. मला निम्माशिम्मा ऐकू आला, म्हणून नंतर कागद हातात घेऊन ओळीखाली बोट धरून मी तो स्वतः वाचला. माझ्या सांगण्याप्रमाणे तो बरोबर लिहिला आहे. बाहेर काळूरामला तो शब्द न् शब्द ऐकू गेला असेल. त्याचे कान चांगले आहेत.

जबाब देणार,
(सही) धर्माजी हिराजी नाखवा