खडा वेगळा वाजतो

मनं नाव सुपडाबाई. हसू नका ताई, आमच्या खानदेशात असं नाव गावोगाव सापडीन तुम्हाले. मन्या, म्हंजे तुमच्या बोलीत माझ्या, आधीचे दोन लेकरं मायच्या हाती लागले नही, म्हनून मी जल्मले तशी सुईनीनं मले सुपात घातलं अन् सूप उंबऱ्याबाहेर ठेवलं, म्हने हे पोर आपलं नहीच, कोनी टाकून गेलं, आपन उचललं. असं केलं का मरनाची नजर चुकते म्हनत. चुकली असन, कारन आता पंच्याहत्तरी झाली मनी, का जास्त, ते कोनी लिहून ठेवलं नही.

माहेर मनं शिंदखेड्याकडे, कोरडवाहू गाव, बापाची जमीन बरी व्हती, कपाशी अन् बाजरी. शाळेत दोन वरीस गेले, नाव लिहायले शिकले, मंग लहान भाऊ झाला, भिला, त्याले कडेवर घ्यायले कोनी पाहिजे व्हतं तं शाळा सुटली. भिला मन्या कडेवर वाढला ताई, हे ध्यानात ठेवा. लगन झालं तं इकडे नशिराबादले आले. मालक जळगावच्या डाळ मिलमधी हमाली करत, मी त्याच मिलमधी डाळ निवडायले. ते लवकर गेले, छातीत दुखलं अन् गेले, पोतं खांद्यावरच व्हतं. पोरगा सात वरसाचा. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी रांगेत जाऊन बसले, दुसरं काय करनार.

ते निवडायचं काम कसं असते तुम्हाले सांगते. सूप हालवलं का दाना दान्यावर पडतो, त्याचा एक आवाज असतो, सारखा, एकसूर. त्यात खडा असला का तो वेगळा वाजतो. नव्या बाया डोळ्यानं शोधत, आम्ही जुन्या कानानं. मुकादम म्हनायचा, सुपडाबाई आंधळी झाली तरी मी हिले कामावरून काढनार नही. मंग मशीन आलं, ते उजेड मारून खडा उडवते, तं डोळ्याच्या अन् कानाच्या बठ्ठ्याच, म्हंजे साऱ्याच, बाया घरी गेल्या. मशीनचा राग नही मले, मशीन चांगलं शे. तवापासून लोकांच्या वरीसभराच्या डाळी मी घरी बसून निवडून देते.

आता हर्षालीचं सांगते. हर्षाली मनी नात, पोराची पोरगी. पोरगा रिक्षा चालवतो, नशिराबाद ते जळगाव. हर्षाली अकरावीले असन, एक दिवस म्हने, आजी, मले कायद्याच्या मोठ्या कॉलेजात जायचंय. मी म्हटलं, माय, वकील तं जळगावच्या कोर्टाबाहेर झाडाखाली टेबल टाकून ढिगानं बसलेत, त्याले एवढं लांब काय जायचं. म्हने तसं नही आजी, देशभरातले पोरं एक परीक्षा देतात, त्यातले मोजकेच घेतात, तठेच राहून पाच वरीस शिकायचं. बाप रिक्षा पुसायले लागला. सून म्हने त्यापेक्षा बीएड कर, गावात नोकरी लागीन. शेजारची कमल तं ओट्यावरूनच म्हने, शहान्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हनतात, अन् तुमची पोर तठे बिऱ्हाड करायले निघाली. मी पोरीचं तोंड पाहिलं, तं भूक लागलेल्या मानसाचं असतं तसं व्हतं.

त्या परीक्षेत इंग्रजीचे मोठे मोठे उतारे असतात म्हने, ते भराभरा वाचायचे अन् काय लिहिलंय ते सांगायचं. शिकवनीले पाठवायची आमची ताकद नव्हती, जुने पुस्तकं कोनाकडून तरी मागून आनले तिनं. मोबाइलचं घड्याळ लावून वाचायले बसली का छातीत धडधड व्हायची, अक्षर दिसायचं नही. एक दिवस मी सूप घेऊन बसले व्हते, म्हटलं मन्याजवळ बस, मोठ्यानं वाच, मी हे सूप संपवते तू तुझं पान संपव. घड्याळाले तू घाबरतेस, डाळीले कोन घाबरते. बस, तसंच चालू झालं. सूपभर डाळ अन् एक उतारा.

मले त्यातलं काय समजनार ताई, काहीच नही. पन ऐकता ऐकता कान तयार झाला. ती वाचत राहिली का एकसूर चाले, अन् जठे तिले समजलेलं नसायचं तठे आवाज बदले, जराकसा, दुसऱ्याले कळायचा नही. मी म्हनायचे, खडा. ती पहिल्यांदा चिडली, म्हने आजी तुले इंग्रजी येते का. मी म्हटलं नही येत, पन आठे खडा शे. तिनं परत वाचलं, शब्दकोश पाहिला, अन् मन्याकडे पाहतच राहिली. दोन वरीस असं चाललं. तिकडे सून भाकरी थापता थापता म्हने, आजी-नातीनं मिळून काय वेड लावून घेतलंय. पन तीच परीक्षेच्या दिवशी उपाशी राहिली, ते नही सांगत कोनाले.

परीक्षा देऊन आली अन् म्हने, आजी, शेवटी टाइम कमी पडायले लागला तवा मी डाव्या हाताचे बोटं मांडीवर हालवत वाचलं, सूप धरल्यासारखं. बाजूची पोरगी पाहे. पाहू दे म्हटलं. निकाल लागला अन् नंबर लागला. पोरानं रिक्षाले हार घातला, का घातला त्याचं त्याले माहीत.

पोचवायले मी पन गेले. रेल्वेत एक रात अन् एक दिवस. काय सांगू ताई तुम्हाले, मी असं शाळा म्हनून काही पाहिलं नव्हतं. पुस्तकांचं गोडाऊन, मिलच्या गोडाऊनपेक्षा मोठं, अन् इतकं गप का मले खोकला आला तं मी पदर तोंडाशी धरला. खाली काचेच्या एका खोलीत पोरं-पोरी बसल्या व्हत्या अन् मास्तरीन एका पोरीले विचारत व्हती, हर्षूनं मले सांगितलं काय विचारते ते. विचारत व्हती, हा निकाल तुम्हाले बरोबर वाटतो का. पोरगी म्हने, नही वाटत. कोर्टाचा निकाल ताई, न्यायाधीशानं दिलेला, अन् अठरा वरसाची पोर म्हने मले बरोबर वाटत नही, अन् मास्तरीन रागावली नही, म्हने का बरं. मी तठेच उभी राहिले. मले जल्मात कोनी विचारलं नही का सुपडाबाई तुले काय वाटते. म्हटलं ह्या जागी मनी पोर राहील तं तिले कोनी तरी रोज विचारीन.

पन दिवाळीले ती आली अन् तिच्या पिशवीत गोधडी व्हती. मी शिवलेली, जाताना दिलेली. ताई, परत जानारं मानूस गोधडी घेऊन येत नही. मी समजले. दोन दिवसांनी तिनंच सांगितलं. वर्गात उठून बोलायले लावलं, बोलता बोलता अडखळली, मागचे दोघं तिघं हसले. तवापासून तोंड उघडलं नही. बठ्ठे म्हने इंग्रजी शाळेतले, घरात आईबाप वकील, ते बोलतात तसं मले येनार नही. म्हने आजी, मी जात नही आता. बाप म्हने नको जाऊ, घर आपलंच शे. बाप मऊ मनाचा. मले वाटलं, हिनं दार लावून घेतलं तं ते परत उघडनार नही, मन्या शाळेसारखं.

मंग मी पेटी उघडली. तळाशी एक हिरवी साडी व्हती अन् साडीच्या घडीत एक कागद. त्या कागदाचं मी कोनाले कधी सांगितलं नव्हतं, आज तुम्हाले सांगते. मना बाप वारला त्याच्या दुसऱ्या आखाजीले भिला मले घ्यायले आला. आखाजी म्हंजे आमच्या पोरीबाळींचा सन, सासुरवाशिनी माहेरी येतात, निंबाले झोके बांधतात. तसा घेऊन गेला. पुरनपोळी, आमरस, ही साडी नेसवली. सन झाल्यावर म्हने, अक्का, चाल जरा शिंदखेड्याले, हापीसात काम शे. तठे एक लिहिलेला कागद व्हता. मी म्हटलं मले नाव लिहिता येते. तो म्हने, अक्का, कशाले टाइम घालवते, आंगठा दे, लवकर काम होते. मी दिला. त्याची एक कापी दिली मले, म्हने राहू दे तुन्याजवळ.

मले माहीत नव्हतं असं नही ताई. जमिनीचं शे एवढं समजत व्हतं. पन कागद कोनाकडून वाचून घेतला असता तं बोलनं वाढलं असतं, पोरगा मोठा झाल्यावर मामाच्या अंगावर गेला असता, अन् मंग आखाजीले घ्यायले कोन आलं असतं. विधवा बाईले माहेर म्हंजे एक दार असते. ते उघडं राहावं म्हनून मी कागद बंद ठेवला. साडी परत नेसले नही.

तो कागद हर्षूसमोर ठेवला अन् सूप घेतलं. म्हटलं वाच. ती म्हने हे काय शे आजी. म्हटलं तू वाच, तुले तं हेच शिकवतात ना. वाचायले लागली. गट नंबर, चतुःसीमा, पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, माझा हक्क व हिस्सा भाऊ याच्या लाभात कायमचा सोडून देत आहे. तिचा आवाज एकसूर, कोर्टातला. अन् शेवटी आलं, हे हक्कसोडपत्र मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, वाचून पाहून व समजून घेऊन लिहून दिले असे. तठे आवाज बदलला. वाचून पाहून, एवढ्यावर आला अन् थांबला.

मी म्हटलं, खडा.

ती म्हने, आजी, ह्यात लिहिलंय का तू हे वाचलंस. मी म्हटलं, मी तं आज ऐकते, पहिल्यांदा. चाळीस वरीस झाले माय. राजीखुशीनं म्हनशील तं खूश व्हते मी, साडी नवी व्हती, पोट भरलं व्हतं, भाऊ घ्यायले आला व्हता. वाचलं मातर नव्हतं. ती रडायले लागली. मी सूप चालू ठेवलं, म्हटलं रडू नको, मी काही केस करायले सांगत नही, भिला भाऊ शे मना, कडेवर वाढवलाय. मी एवढंच म्हनते, तू अडखळलीस तं लोकं हसले, बरोबर? पन आता तू अडखळलीस म्हनून मले समजलं त्या कागदात काय खोटं शे. सकाळी पाहिलं तं गोधडी घडी करून परत जायच्या पिशवीत.

तिनं मंग कसं केलं ते तीच जाने. म्हने आजी, मी आता वर्गात अडखळले का थांबते, सांगते का हे मले समजलं नही, परत सांगा, तं मागचे हसनारे पोरं पन वही काढतात, कारन त्यांनाही समजलेलं नसते. आता चौथ्या वरसाले शे. मोठ्या कोर्टासारखा खेळ असतो त्यांचा, खोटे वकील, खरे न्यायाधीश, त्यात तिले बक्षीस मिळालं. तिनं फोनवर दाखवलं मले. काळा कोट घालून बोलत व्हती. मी डोळे मिटून ऐकलं. एकबी खडा नही.

यंदाच्या आखाजीचं सांगते अन् संपवते. भिला दोन वरसांपूर्वी गेला. आता त्याचा पोरगा संजू शे, अन् पोरगी रेखा, दोंडाईच्याले दिलेली. मले संजू घ्यायले आला, हर्षू सुट्टीवर व्हती तं तिले पन नेलं. आमरस झाला, झोके झाले, रेखाले साडी आनली, निळी. अन् संजू म्हने, फुई, फुई म्हंजे आत्या, उद्या जरा रेखाले हापीसात नेतो, लहानसं काम शे. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. भिलाचंच तोंड. भिलासारखाच गोड बोलतो, वाईट मानूस नही तो.

मी म्हटलं, संजू, कागद आन. म्हने कशाले फुई, घरातलं काम शे. म्हटलं घरातलं शे म्हनूनच घरात वाचू. ओट्यावर बठ्ठ्या बाया बसल्या व्हत्या. हर्षूनं वाचला, मोठ्यानं, सावकाश, एकेका वाक्याचा अर्थ सांगत, अन् कोनाले टाकून बोलली नही. संजू मान खाली घालून आंब्याची कोय चोखत राहिला. वाचून झालं तं रेखा म्हने, दादा, मी उद्या नही येत, मी इचार करते, घरी जाऊन सांगते. संजूनं मन्याकडे पाहिलं अन् हळूच म्हने, फुई, तू तं दिला व्हता ना आंगठा.

मी म्हटलं, हो बाबा, दिला व्हता. मले वाचून दाखवनारं कोनी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संजू मले अन् हर्षूले बस स्टँडवर सोडायले आला, पाया पडला, म्हने पुढच्या आखाजीले येतो घ्यायले. येईन का नही ते त्याच्या मनावर. रेखानं अजून सही केलेली नही, करीन तरी ती वाचून करीन.

हर्षू परत गेली. रविवारी फोन येतो, मी फोन उंबऱ्यावर ठेवते अन् सूप मांडीवर, ती वाचते. डोळ्याले आता दिसत नही फारसं, कानाले येते. मी तिले एवढंच म्हनते, माय, तुले आयुष्य लागो मनं, अन् अडखळशील तठे थांबत जाय, पुढे पळू नको. चला ताई, तुमचा चहा थंडा झाला. ते लिहिलंय ना तुम्ही, जायच्या आधी मले एकदा वाचून दाखवा.