‘जा’ म्हणायचं नाही

मेधा: आई, तुम्ही परत पाय उचललात.

संजीवनी: कुठे?

मेधा: आत्ता, स्वयंपाकघराच्या दारात. काहीतरी आडवं पडलंय आणि ते ओलांडताय, असं चाललात. तिथे उंबरा नाही, पायपुसणं नाही. पडाल एखाद दिवशी.

संजीवनी: उंबऱ्याच्या घरात वाढले गं मी. पायांना वाटत असेल, असावा.

मेधा: सात वर्षं झाली तुम्हाला सिंगापूरला येऊन. इतके दिवस पाय गप्प होते आणि आत्ताच ख्रिसमसनंतर त्यांना उंबरा आठवला?

संजीवनी: तू चहा घे आधी. निवला की म्हणशील, पुन्हा गरम करा.

मेधा: घेते. आज चहासुद्धा वेगळा लागतोय. तुमच्या नातीने सांगितलं की नाही तुम्हाला?

संजीवनी: काय?

मेधा: ऐकलं बाईसाहेबांनी शेवटी. पॉलिटेक्निक नको म्हणाली. दोन वर्षं ज्युनिअर कॉलेज, मग ऑस्ट्रेलिया, व्हेटर्नरी नर्सिंगची डिग्री. अगदी मी म्हणत होते तसं.

संजीवनी: इरा म्हणाली असं?

मेधा: सकाळी, दात घासता घासता. मी विचारलं, आणि पॉलीचा डिप्लोमा? तर चूळ भरली आणि म्हणाली, ‘नको.’ बस. संपला विषय.

संजीवनी: वर्षभर त्या डिप्लोमासाठी घर डोक्यावर घेतलं होतं तिने. जेवली नव्हती दोन दिवस. आणि चूळ भरून विषय संपला?

मेधा: आई, आता तुम्ही त्यात काही शोधू नका हं, हात जोडते. ओ लेव्हलच्या परीक्षेत मार्क चांगले आलेत, डोकं ठिकाणावर आलंय. फॉर्मचा आज शेवटचा दिवस आहे. तुमचा शिरीष जाकार्ताहून येईपर्यंत ऑनलाइन भरून टाकते, म्हणजे तोही काही बोलायला नको.

संजीवनी: नर्स तर दोन्हीकडून होणार ना ती? जनावरांचीच?

मेधा: दोन्हीकडून. पण डिप्लोमावाली क्लिनिकमध्ये कुत्री धरते आणि पिंजरे पुसते. डिग्रीवाली शिकवू शकते, मोठ्या हॉस्पिटलात जाते, देश बदलू शकते. मी तांजोंग पगारच्या ऑफिसात ज्या खुर्चीत बसते ना, ती मला कुणी माझा स्वभाव बघून दिलेली नाही. कागद बघून दिली. इथे राहायचा पास मिळाला तोसुद्धा कागदावर. परक्या मुलखात कागदच ओळख देतो माणसाला.

संजीवनी: तुझं चूक नाही, मेधा.

मेधा: मग तोंड का असं केलंत? आणि बाल्कनीतला पंखा कोणी लावून ठेवलाय? रिकाम्या खुर्चीला वारा घालतोय.

संजीवनी: असू दे. मी बसणार आहे तिथे.

मेधा: बाबा गेल्यापासून त्या खुर्चीत तुम्ही एकदासुद्धा बसला नाहीत.

संजीवनी: बसेन. असू दे.

मेधा: बेल वाजली. आलीच बघा. इरा, शूज बाहेर! आणि एवढी घामाघूम का झालीस? लिफ्ट बंद आहे का?

इरा: नाही. खाली शेजारची मिसेस कोह आंटी तिच्या कुत्र्याला, मोचीला, घेऊन उभी होती. म्हणून थांबले.

मेधा: मग एकत्र यायचं ना वर. कुत्र्यांचं एवढं वेड तुला.

इरा: मोची आत आलाच नाही. सगळे पाय रोवले त्याने. आंटी म्हणाली, ‘सॉरी हं, त्याला गर्दी आवडत नाही.’

मेधा: कसली गर्दी?

इरा: लिफ्टमध्ये मी एकटीच होते, मम्मा.

मेधा: म्हाताऱ्या झाल्यात मिसेस कोह. बरं, हातपाय धू, आपण ते ऑनलाइन... हा बघ, ऑफिसचा फोन. आज सुट्टी घेतलीय म्हणून सांगितलं होतं मी यांना. आई, तिला काहीतरी खायला द्या. मी आलेच.

(मेधा फोनवर बोलत आतल्या खोलीत जाते आणि दार लावून घेते. दुपार टळत आलेली. घरात एसीची घरघर, बाल्कनीत पंख्याची.)

संजीवनी: डब्यात चकली आहे. स्वयंपाकघरात जातेस तर बघून जा. तो दारातच पडलाय.

इरा: ...काय म्हणालीस?

संजीवनी: आडवा पडलाय. शेपटीवर पाय द्यायचीस.

इरा: आजी, तुला दिसतो?

संजीवनी: दिसत नाही. पण त्या दारात आले की पाय पुढे जात नाही. ऊब लागते पोटऱ्यांना. मग मी ओलांडते. तूही ओलांडतेस. पंधरवडा झाला, बघतेय मी.

इरा: मला वाटलं, मी मॅड झालेय. देवाशपथ, आजी. मला वाटलं, आता मला डॉक्टरकडे नेतील.

संजीवनी: बस इथे. माझ्याजवळ. कोण आहे तो?

इरा: रस्टी. गोल्डन रिट्रीव्हर. खूप म्हातारा होता. मागचे पाय गेले होते. मी सुट्टीत मदतीला जाते ना, त्या सेरंगूनच्या क्लिनिकमध्ये आणला होता, ख्रिसमसच्या आधी.

संजीवनी: आणि दुपारी मी आडवी झाले की माझ्या पायाशी येते, ती?

इरा: ती पण? कशी आहे?

संजीवनी: कणीक तिंबल्यासारखं आधी पुढच्या पंजांनी दाबते. बराच वेळ. मग गोल होऊन बसते. वजन काही नाही तिला.

इरा: स्नोई. मांजर. किडनी गेली होती तिची, म्हणून वजन नाही. आजी, सॉरी. मला माहीत नव्हतं, ती तुझ्याकडे झोपते.

संजीवनी: मला तिचा त्रास नाही. तू सांग. तिथे काय काम देतात तुला?

इरा: आधी टॉवेल धुवायचे, वजन करायचं, एवढंच होतं. मग एकदा एक बीगल कोणाला धरू देईना. मी डोकं छातीशी घेतलं, तर एकदम शांत झाला. तेव्हापासून डॉक्टर लिम प्रत्येक वेळी म्हणतात, इराला बोलवा. नर्स पुढचा पाय धरते, अंगठ्याने शीर वर आणते. डॉक्टर सुई देतात. मी डोकं धरते.

संजीवनी: शेवटच्या सुईला.

इरा: हो. मालक रडत असतात, काही जण बाहेर जातात. मग त्या प्राण्याला बघायला कोण असतं? मीच. तो माझ्याकडे बघत असतो. डोळे उघडेच राहतात, आजी. मला कोणी सांगितलं नव्हतं की ते मिटत नाहीत.

संजीवनी: आणि तू काय म्हणतेस त्याला?

इरा: काही नाही.

संजीवनी: इरा.

इरा: तू शिकवलंस तेच म्हणते.

संजीवनी: मी? मी काय शिकवलं?

इरा: मी छोटी होते, चांगी एअरपोर्टवर बाबाला म्हटलं, ‘बाबा, जा.’ तू केवढी ओरडलीस सगळ्यांसमोर. म्हणालीस, आपल्यात निघालेल्या माणसाला ‘जा’ म्हणायचं नाही. अभद्र असतं. ‘ये’ म्हणायचं. निघणाऱ्यानेसुद्धा ‘येतो’ म्हणायचं. मग मी त्यांना कशी ‘जा’ म्हणणार? इतकी आजारी असतात बिचारी. मी कानाशी तोंड नेते आणि म्हणते, ‘ये हं.’

संजीवनी: अगं पोरी. बोलावलंस त्यांना.

इरा: मी बाय म्हणत होते!

संजीवनी: तू बाय म्हणत होतीस. त्यांना काय ठाऊक आपल्या रीती? ज्या हातात शेवटचा श्वास सोडला, तो हात म्हणाला ये. ते आले.

इरा: म्हणून मी नको म्हटलं पॉलीला. पॉलीत पहिल्या वर्षापासून प्राणी. तीन वर्षं रोज, आणि नंतर जन्मभर. ज्युनिअर कॉलेजात निदान दोन वर्षं फक्त पुस्तकं. कोणी मला बोलावणार नाही, डोकं धर म्हणून. आजी, आपलं घर किती मोठं आहे? किती मावतील?

संजीवनी: आणि ऑस्ट्रेलियात गेल्यावर? तिथे डिग्रीच्या नर्सला धरावं लागत नाही?

इरा: लागतं.

संजीवनी: म्हणजे काम तेच. नुसतं उशिरा.

इरा: मला हेच काम करायचंय गं. दुसरं काहीच नाही करायचं. पण भीती वाटते. काल बाथरूममध्ये बादलीतलं पाणी कोणीतरी पीत होतं. लप लप लप. आणि मम्मा बाहेरून विचारतेय, नळ टपकतोय का?

संजीवनी: माझे वडील कऱ्हाडला गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. आम्ही दादा म्हणायचो. पाय मोडलेले बैल, विषारी पाला खाल्लेल्या शेळ्या, सगळं यायचं तिथे. काही बरी व्हायची, काही नाही. आमच्या आईला घरात ‘जा’ शब्द खपायचा नाही. भिकाऱ्यालासुद्धा ‘पुढे हो बाबा’ म्हणायची. मी एकदा दवाखान्यात डबा घेऊन गेले, तर दादा एका म्हशीच्या कानाशी वाकलेले. आधी गळ्यातलं दावं सोडलं, मग फाटक सताड उघडलं. आणि तिला म्हणाले, ‘जा.’ इतकं मायेने म्हणाले की मला वाटलं, म्हैस उठेल. मी घरी येऊन आईला चहाडी केली.

इरा: मग?

संजीवनी: आई चिडली. दादा म्हणाले, माणसाला ‘ये’ म्हणावं, त्याला घर असतं. मुक्या जनावराला मोकळं केल्याचं सांगावं लागतं, नाहीतर ते धन्याच्या मागे मागे फिरतं. मला तेव्हा ती भाबडेपणाची गोष्ट वाटली. पण त्यांच्या मागे कधी काही आलं नाही घरी, एवढं खरं.

इरा: आता म्हटलं तर चालेल? उशीर नाही झाला?

संजीवनी: बघू म्हणून. मोठं दार उघड आधी. बंद दारातून कुठे जातील?

इरा: उघडलं.

संजीवनी: आता बस त्याच्याजवळ.

इरा: रस्टी. हे बॉय. ...आजी, मला नाही जमत. हाकलल्यासारखं वाटतं.

संजीवनी: हाकलायचं नाही. सोडायचं. गळ्याशी हात ने, पट्टा काढतेस असा. हां. आता सांग.

इरा: रस्टी, तू खूप चांगला होतास. तुझे पाय आता दुखत नाहीत. बघ, दार उघडं आहे. जा. ...जा, राजा.

संजीवनी: नखं वाजली.

इरा: हो. फरशीवर. बाहेर. लिफ्टपाशी थांबला. आजी, लिफ्ट आली! बटण कोणीच दाबलं नाही, आणि लिफ्ट आली.

संजीवनी: येऊ दे. दुसरीला सांग. सगळ्यांना सांग.

इरा: स्नोई, जा. पीनट, तू पण, सोफ्याखालून नीघ. जा. सगळे जा. मी विसरणार नाही, पण जा.

संजीवनी: गेले सगळे?

इरा: लिफ्टचं दार लागलं. खाली गेली.

मेधा: हे काय? मोठं दार सताड उघडं? एसी चालू आहे, इरा! अख्ख्या कॉरिडॉरला गार करताय का?

इरा: मम्मा, ऐक ना. मी पॉलीच भरणार. डिप्लोमा.

मेधा: फोनवर होते तेवढ्यात? आई, तुम्ही काय सांगितलंत हिला?

संजीवनी: डिप्लोमा घे म्हणाले नाही मी. तिला भीती वाटत होती, ती विचारली.

मेधा: भीती? इरा, मला नाही सांगितलंस.

इरा: तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, मग नकोच ते काम. क्लिनिकमध्ये मरणारे प्राणी धरते मी, मम्मा. मला वाटलं, मला झेपणार नाही. म्हणून पळत होते. डिग्रीसाठी नाही गं, पळायला.

मेधा: आणि आता झेपेल?

इरा: आता सोडायचं कसं ते कळलंय. डिप्लोमानंतर डिग्री करता येते. करीन मी. प्रॉमिस.

मेधा: सगळे म्हणतात नंतर करीन. नोकरी लागली की कोणी करत नाही.

इरा: मग तू मागे लाग. तुला छान जमतं ते.

मेधा: चेष्टा पुरे. ...वर्षभर भांडलीस तेव्हा तोंडावर जे होतं ना, ते सकाळी नव्हतं. मला दिसलं होतं. मी बघितलं नाही, एवढंच. आणते लॅपटॉप. पण डिग्रीचं मी विसरणार नाही, सांगून ठेवते.

संजीवनी: कप राहिलाय तुझा. थांब, मी नेते आत.

मेधा: राहू द्या हो, आई... अरे वा. आत्ता नाही उचललात पाय.

संजीवनी: नाही ना? बरं झालं.

मेधा: लॅपटॉप कुठे ठेवला मी? चार्जिंगला असेल. दार लाव गं इरा ते.

इरा: आजी.

संजीवनी: काय गं?

इरा: मी सगळे जा म्हटलं ना, तेव्हा बाल्कनीतली खुर्ची करकरली. कोणीतरी हातावर जोर देऊन उठतं, तशी.

संजीवनी: जुना वेत आहे. करकरतो.

इरा: हॉस्पिटलमध्ये आजोबांना तू काय म्हणाली होतीस? शेवटी?

संजीवनी: रीतीप्रमाणेच म्हणाले. ‘या’ म्हणाले.

इरा: आजी, दार अजून उघडं आहे. तू म्हणतेस, की मी...

संजीवनी: लाव ते.

इरा: आणि पंखा?

संजीवनी: राहू दे. त्यांना उकडतं फार.