विचारलेलं आणि ऐकू आलेलं

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आमच्या कॅप्टनबाई, समस्त वैमानिक मंडळी, हँगरमधले माझे सोबती आणि त्यांच्या घरची माणसं, सर्वांना नमस्कार.

आधीच्या वक्त्यांनी बाईंच्या उड्डाणांविषयी भरभरून सांगितलं. मी पडलो मेकॅनिक. विमान जमिनीवर असतं तेव्हाच माझा त्याच्याशी संबंध, म्हणून मी जमिनीवरचंच बोलेन. बाईंनी काल फोन करून बजावलंय की त्या अपघाताचं सांगू नका. पण ते वगळून मी यांच्याविषयी बोलणार तरी काय? माझी ही रिकामी बाही सगळ्यांनाच दिसते. नव्या मुलांना कारण ठाऊक नसतं आणि विचारायचा धीर होत नाही.

बाई तेव्हा सहवैमानिक होत्या. एका विमानाच्या चाकाच्या कप्प्यात तेल झिरपत होतं. मी नळीचा सांधा बदलला. आता पंप चालू करून कप्प्याचं दार नीट बंद होतं का, ते बघायचं होतं. पंपाचं बटण वर कॉकपिटमध्ये, तिथे बाई. खाली हेडसेट लावून उभे होते माझे मेहुणे, बायकोचे थोरले भाऊ. त्यांनीच मला या कामाला लावलेलं. सगळा हँगर त्यांना दादा म्हणायचा, मीही म्हणायचो.

दार चुकून मिटू नये म्हणून लावलेली खीळ चाचणीसाठी काढली होती. तेवढ्यात मला सांध्यावर तेलाचा थेंब दिसला आणि फडकं घेऊन मी पुन्हा हात आत घातला. दादांनी मला विचारलं, "झालं?"

प्रश्न मला होता. हेडसेटचा माइक मात्र चालू होता. शेजारी जनरेटर घरघरत होता, त्यात आवाजातला प्रश्न विरून गेला आणि बाईंच्या कानी नुसता शब्द पोचला. झालं. त्यांनी बटण दाबलं.

ते दार मधे कोण आहे हे बघत नाही. दादांनी कमरेचा पट्टा धरून मला मागे खेचलं, म्हणून मी आज इथे उभा आहे. हात तेवढा गेला.

चौकशीत सहसा काय होतं, ते इथल्या ज्येष्ठांना सांगायला नको. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. इथे उलटंच झालं. बाई म्हणाल्या, मी पुन्हा विचारायला हवं होतं. दादा म्हणाले, मी माइक बंद करायला हवा होता. दोघं असे अडून बसले, की चौकशी अधिकारीच वैतागले, म्हणाले, अहो, कुणीतरी स्वतःचा बचाव करा. बाईंचं उड्डाण काही काळ थांबलं. दादांची रवानगी भांडारात झाली. आणि माझ्या बायकोनं सख्ख्या भावाला घराचं दार बंद केलं.

बाई इस्पितळात यायच्या, खुर्चीच्या टोकावर बसायच्या, बोलायच्या नाहीत. एकदा माझा तोल सुटला. म्हटलं, "तुम्ही माझ्यासाठी येतच नाही. स्वतःला झोप लागावी म्हणून येता."

त्या उठून दारापर्यंत गेल्या. मग म्हणाल्या, "झोप तरीही लागत नाही."

मला वाटलं, आता येणार नाहीत. त्या आल्या.

पुढे उड्डाणं सुरू झाल्यावर विमान दुरुस्तीला असलं, की बटणाला हात लावण्याआधी बाई जिना उतरून खाली यायच्या. कोण कुठे वाकलंय, कुणाचा हात कुठे आहे, डोळ्यांनी बघायच्या, आणि मगच वर. उशीर व्हायचा, साहेबांचे खरमरीत मेमो यायचे. तरुण वैमानिक कुजबुजायचे, की बाईंचे गुडघे जड झालेत वाटतं. हळूहळू तेही उतरू लागले. आज तो इथला नियम आहे.

मग एका संध्याकाळी बाई आमच्या घरी आल्या आणि बायकोला म्हणाल्या, की बटण माझ्या बोटाखाली होतं, तुमच्या भावाच्या नव्हे. बायको म्हणाली, "तुमच्यावर रागावून काय करू? तुम्ही परक्या. तो माझा आहे." एवढं बोलली आणि रडली. अपघातानंतर तिला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्याच दिवशी तिनं भावाला जेवायला बोलावलं. दादा आले, मान खाली घालून जेवले. ताट उचलायला वाकताना तिनं सवयीनं विचारलं, "झालं?" दादा खरकट्या हातानं उठून बाहेर निघून गेले. तेव्हापासून आमच्या घरात आटोपलं म्हणतात, उरकलं म्हणतात. तो शब्द कुणी काढत नाही.

लोक मला विचारतात, तुम्ही माफ केलंत का? खरं सांगू का, मला ठाऊक नाही. एखाद्या सकाळी बुटाची नाडी सुटते आणि राग येतो. एखाद्या सकाळी येत नाही. पण बाई, चौकशीनंतर तुम्ही आणि दादा एकदाही समोरासमोर आला नाहीत. एक दिसला की दुसरा वाट बदलतो. हात माझा गेला आणि तोंड लपवत फिरता तुम्ही दोघं. हे मला बघवत नाही.

हा पुष्पगुच्छ माझ्या हस्ते द्यायचं ठरलं आहे. 'हस्ते' म्हणताना संयोजक अडखळले, ते मी मनाला लावून घेतलेलं नाही. पण गुच्छ दांडगा आहे, एका हाताला पेलायचा नाही. दादा शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीत बसलेत. दादा, वर या. मान हलवू नका, या. बाई, तुम्ही बसा, ते येतील... बरं, तुम्हीच निघालात. जा.

अध्यक्ष महोदय, मला बोलू दिलंत, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. मानपानात काही राहून गेलं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर मेकॅनिकची खडबडीत जीभ म्हणून पोटात घाला. गुच्छ मी इथे टेबलावर ठेवतो. मागे त्या दोघांचं बोलणं चाललं आहे. संयोजकांना विनंती, पुढचं नाव एवढ्यात पुकारू नका.