बाबांचा ब्रह्मदेश

आमचे बाबा आईला बघायला बदलापूरला आले, स्वातंत्र्यानंतरच्या एक-दोन वर्षांतली गोष्ट. बाबा लढाईआधी रंगूनला होते, आता अंबरनाथच्या काडेपेटीच्या कारखान्यात लागले होते. आजी एकटीच भातशेती बघायची, आणि आई तिची एकुलती एक लेक. चहा येईस्तोवर बाबांनी ब्रह्मदेश सुरू केला.

"तिथं तिन्हीत्रिकाळ भातच खातात."

आजी म्हणाली, "मंग आमी काय येगलं खातो?"

"कुजवलेल्या मासळीची चटणी असते."

"आमच्यात सुकट हाय."

"बायका खुशाल चिरूट ओढतात."

आजीनं कमरेची विडी काढली आणि बाबांकडेच काडी मागितली.

आता बाबा इरेला पेटले. "आणि लग्न झालं की तिथं नवरा बायकोच्या घरी राहायला जातो."

आजीनं विडी बाजूला ठेवली आणि पहिल्यांदाच पाहुण्याकडे नीट बघितलं.

"ही रीत बरी हाय. हितं चालू करा."

सोबत आलेल्या काकांना ठसका लागला. बाबांनी आत दाराशी उभ्या असलेल्या आईकडे एकवार बघितलं आणि म्हणाले, "चालेल."

म्हणून आम्ही भावंडं मे महिन्यात आजोळी जायचो, ते ओटीवरून माजघरात.